पिशवीच्या तोंडाची तपासणी: काही होत नसतानाच का करायची?

माझ्या मावशीची एक फाईल आहे. प्लॅस्टिकची, बटनवाली. आत थायरॉईड, शुगर, हिमोग्लोबिन, दोन सोनोग्राफ्या, एक छातीचा एक्सरे, सगळं तारखेप्रमाणे लावलेलं, आणि त्या फाईलचा तिला भलता अभिमान. मागच्या दिवाळीत मी सहज विचारलं की पिशवीच्या तोंडाची तपासणी केलीयेस का गं कधी, तर तिने फाईल माझ्या पुढ्यात आपटली. "हे बघ, सगळं केलंय. सोनोग्राफीत पिशवी एकदम नॉर्मल आलीय. मला काय धाड भरलीय?"

मी फाईल शेवटच्या कागदापर्यंत चाळली. ती एक तपासणी सोडून सगळं होतं.

मावशी ४७ वर्षांची, माढा तालुक्यात राहते, शिकलेली आहे, घरात कुणाला शिंक आली तरी डॉक्टर गाठणारी. तरी हे राहिलंच. आणि ती काही एकटी नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं होतं की ही तपासणी आयुष्यात एकदा तरी केलीय का, तर हो म्हणणाऱ्या निघाल्या १.९ टक्के, म्हणजे शंभरात दोघीसुद्धा नाहीत. त्याच देशात २०२२ च्या अंदाजाप्रमाणे वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार बायकांना पिशवीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या, तोंडाचा कॅन्सर होतो आणि जवळपास ८० हजार त्यात जातात. बायकांच्या कॅन्सरमधे स्तनाच्या खालोखाल याचाच नंबर.

या कॅन्सरच्या विषाणूविरुद्धच्या एचपीव्ही लसीची बातमी आली की दोन दिवस ग्रुपवर चर्चा होते. २०२४ च्या फेब्रुवारीत तर एका मॉडेलने याच कॅन्सरने आपण गेल्याची खोटी बातमी पसरवली, का तर म्हणे जागृती. तेव्हा सगळे त्या बाईला शिव्या घालण्यात बिझी होते, तपासणी कशी असते हे मात्र कुणी सांगितलं नाही. म्हणून हा लेख, थोडा लांबलाय, चहा घेऊन बसा.

तोंड म्हणजे नक्की कुठे?

आपल्याकडे सगळ्यालाच "पिशवी" म्हणतात त्यामुळे घोळ होतो. गर्भाशय हे उलट्या टांगलेल्या पेरूसारखं असतं असं समजा. पेरूचा फुगीर भाग वर, त्यात बाळ वाढतं, आणि खालचा निमुळता भाग योनीमार्गात उतरलेला असतो. हा निमुळता भाग म्हणजे गर्भाशयाचं तोंड, याला डॉक्टर सर्व्हिक्स म्हणतात. बोटाला तो नाकाच्या शेंड्यासारखा लागतो, आणि त्याच्या मधोमध बारीक भोक असतं, पाळीचं रक्त त्यातूनच बाहेर येतं.

पेरूच्या फुगीर भागाचा कॅन्सर वेगळा आणि तोंडाचा वेगळा. आपण बोलतोय तो तोंडाचा.

या तोंडावर दोन जातींची कातडी एकमेकींना भेटते. बाहेरची जाड, गालाच्या आतून असते तशी, आणि भोकाच्या आतली पातळ नाजूक. जिथे दोन्ही भेटतात तिथे पेशींची सारखी अदलाबदल चालू असते, नाजूक जाऊन जाड येत असतात. घराच्या जुन्या भिंतीला नवीन भिंत जोडली की सांध्यातूनच पाणी शिरतं ना, तसंच इथे आहे. विषाणू शिरतो तो याच सांध्यात, आणि तपासणी करायची म्हणजे हा सांधा बघायचा.

आता सोनोग्राफी का चालत नाही ते कळेल. सोनोग्राफीत गाठ दिसते, पिशवीचा आकार दिसतो, अस्तर किती जाड ते दिसतं. कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी बदलायला लागल्यात हे नाही दिसत. सीए-१२५ नावाची रक्ताची टेस्ट काही बॉडी चेकअप पॅकेजमधे घालतात, तिचाही याच्याशी संबंध नाही. एकूण काय, मावशीची फाईल या बाबतीत कोरीच होती.

विषाणू, आणि पंधरा-वीस वर्षांची मुदत

हा कॅन्सर जवळपास नेहमीच एका विषाणूमुळे होतो. नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, पुढे नुसतं एचपीव्ही म्हणते. हे ज्यांनी दाखवून दिलं त्या हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाला २००८ साली नोबेल मिळालं. एचपीव्हीचे प्रकार शंभराच्या वर आहेत, त्यातले साधारण चौदाएक धोक्याचे, आणि त्यातही १६ आणि १८ नंबरवाले सगळ्यात वाईट.

विषाणू शरीरसंबंधातून येतो, आणि इथेच बायका गप्प होतात. "माझा नवरा सोडून कुणी नाही, मला कसा होईल?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय. तर ऐका. संबंध आलेल्या बहुतेक सगळ्यांना, बाई असो की पुरुष, कधी ना कधी एचपीव्ही गाठतोच, सर्दीसारखंच आहे हे. आयुष्यात एकच जोडीदार असला तरी पुरतं, आणि हा नुसत्या कातडीच्या स्पर्शातूनही जातो त्यामुळे कंडोमने धोका कमी होतो पण पूर्ण जात नाही. वर तो अंगात वर्षानुवर्षं गपचूप बसून राहू शकतो, म्हणजे आज रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर तो मागच्या महिन्यातला की वीस वर्षांपूर्वीचा, आपल्याकडून आला की नवऱ्याकडून, हे कुठलीही टेस्ट सांगू शकत नाही. रिपोर्ट हातात घेऊन घरात उलटतपासणी सुरू करण्यात काही अर्थ नाही, हे नवरेमंडळींनीही वाचावं.

दिलासा असा की दहातल्या नऊ जणींच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो, कळतही नाही. उरलेल्यांच्यात तो सांध्यात ठाण मांडतो, पेशी हळूहळू बिघडवतो, आणि त्या बिघाडातून पुढे कॅन्सर व्हायला साधारण पंधरा ते वीस वर्षं लागतात. एचआयव्ही असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल तर पाच ते दहा.

एवढी लांब मुदत फार थोडे कॅन्सर देतात. भिंतीला ओल लागली की आधी रंग फुगतो, मग पोपडे निघतात, मग केव्हातरी प्लॅस्टर पडतं. पोपडे निघायच्या आधीच कुणी हात फिरवून "इथे ओल आहे" म्हणालं तर काम शंभर रुपयात होतं. तपासणी म्हणजे तो हात फिरवणं. ही कॅन्सर शोधायची टेस्टच नाही मुळात, त्याच्या आधीचा बिघाड शोधायची आहे, आणि तो बिघाड दुखत नाही, खुपत नाही, रक्त जात नाही, काही म्हणजे काही होत नाही. "मला त्रास नाही मग कशाला" याचं उत्तर हेच की त्रास नाही तेव्हाच करायची असते.

आणि उलट बाजूने, त्रास असेल तर पुढच्या शिबिराची वाट बघू नका. संबंधानंतर रक्त दिसणं, दोन पाळ्यांच्या मधे डाग, पाळी गेल्यावर वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा रक्त, वास येणारं पाणी अंगावरून जाणं, यातलं काही असेल तर लगेच डॉक्टरकडे. मागच्या वर्षीची टेस्ट नॉर्मल असली तरीही.

न तपासता सोडलं तर काय होतं, हे मुद्दाम करून बघणं कुणालाच परवडणार नाही, पण दुर्दैवाने एकदा ते झालंय. न्यूझीलंडमधे ऑकलंडच्या एका हॉस्पिटलात १९६० च्या दशकापासून एका डॉक्टरने गंभीर बिघाड सापडलेल्या बऱ्याच बायकांवर नीट उपचारच केले नाहीत, का तर त्याचा यातून कॅन्सर होतो यावर विश्वास नव्हता. पुढे चौकशी झाली, मोठा गहजब झाला. त्या बायकांचे रेकॉर्ड नंतर तपासले तेव्हा दिसलं की नीट उपचार न मिळालेल्यांपैकी साधारण ३१ टक्के जणींना तीस वर्षांत कॅन्सर झाला, आणि ज्यांना व्यवस्थित उपचार मिळाले त्यांच्यात हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली होतं.

तीन प्रकारच्या तपासण्या

पहिली पॅप स्मिअर. पापानिकोलाऊ नावाच्या डॉक्टरने काढली म्हणून पॅप, ऐंशी वर्षं होऊन गेली तिला. तोंडावरच्या पेशी छोट्या ब्रशने पुसून घ्यायच्या, काचेवर पसरायच्या आणि मायक्रोस्कोपखाली कुणीतरी डोळ्यांनी बघायच्या. हे तांदूळ निवडण्यासारखं आहे. चांगला निवडणारा असेल तर खडा सुटत नाही, पण ताट मोठं, डोळे दमलेले, उजेड कमी, की सुटतो. एका पॅपमधे बिघाड सुटायची शक्यता बऱ्यापैकी असते, म्हणूनच ती दर तीन वर्षांनी परत करायला सांगतात.

दुसरी व्हीआयए. नाव अवघड पण काम एकदम सोपं, म्हणजे तोंडाला पातळ व्हिनेगर लावायचं, एक मिनिट थांबायचं आणि बघायचं. हळदीला चुना लागला की लाल होतं ना, नुसती हळद बघून चुना कुठे लागलाय ते कळत नाही पण रंग बदलला की कळतं, तसं बिघडलेल्या पेशींना व्हिनेगर लागलं की तिथे पांढरा डाग उठतो. लॅब नको, मशीन नको, निकाल तिथल्या तिथे. सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमधे ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी हीच ठेवलीय. यातही डोळ्यांवर विसंबायचं असतं, आणि पाळी गेल्यानंतर तो सांधा आत सरकतो, दिसत नाही, त्यामुळे पन्नाशीनंतर ही टेस्ट फारशी कामाची राहत नाही.

तिसरी एचपीव्ही टेस्ट. ही पेशी बघतच नाही, थेट विषाणू आहे का तेच मशीनवर बघते. ओल शोधण्याऐवजी पाईप गळतोय का ते बघितल्यासारखं. यात सुटायची शक्यता सगळ्यात कमी, आणि एकदा निगेटिव्ह आली की पाच ते दहा वर्षं निवांत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मधे हीच पहिली पसंती म्हणून सांगितली, तिसाव्या वर्षापासून सुरू करायची, एचआयव्ही असेल तर पंचविसाव्या. आणखी एक फायदा म्हणजे याचं सॅम्पल बाई स्वतः घेऊ शकते, बाथरूममधे जाऊन, कापसाच्या काडीसारख्या ब्रशने, कुणापुढे पाय न पसरता. ऑस्ट्रेलियात तर २०१७ च्या डिसेंबरपासून पॅप बंद करून एचपीव्हीच सुरू केली आणि २०२२ पासून सॅम्पल स्वतः घ्यायची मुभा सगळ्यांना दिली. तिकडे किंवा इंग्लंडात असलेल्या ज्या मैत्रिणी तपासणीचं पत्र आलं की "इंडियात गेल्यावर करू" म्हणून ड्रॉवरमधे टाकतात त्यांना हात जोडून विनंती, तिथेच करा.

आपल्याकडे अडचण पैशाची. एचपीव्ही टेस्ट पॅपपेक्षा बरीच महाग पडते आणि सरकारी केंद्रात सगळीकडे मिळत नाही. माझं मत विचाराल तर परवडत असेल तर एचपीव्ही, नाहीतर पॅप, आणि गावात व्हीआयए फुकट होत असेल तर ती, पण "सगळ्यात भारी तीच करीन" म्हणत दहा वर्षं घालवू नका.

हे सगळं आपल्याच गावांनी सिद्ध केलंय

हे वाचून मला स्वतःला आश्चर्य वाटलं होतं. जगभर आज एचपीव्ही टेस्टच्या बाजूने जो मोठा पुरावा सांगतात तो उस्मानाबादचा आहे, म्हणजे आताचं धाराशिव. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून १९९९ पासून तिथल्या गावागावांतल्या ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायकांचे चार गट केले. एका गटाला एकदाच एचपीव्ही टेस्ट, एकाला एकदाच पॅप, एकाला एकदाच व्हीआयए आणि चौथ्याला नेहमीसारखं, म्हणजे माहिती दिली पण टेस्ट नाही. आठ वर्षांनी मोजलं. टेस्ट नसलेल्या गटात या कॅन्सरने ६४ बायका गेल्या होत्या, एचपीव्हीच्या गटात ३४, आणि हा गट थोडा मोठाच होता. आयुष्यात एकदाच केलेल्या टेस्टने मृत्यू जवळपास निम्मे. पॅप आणि व्हीआयएच्या गटात मृत्यूंमधे असा ठोस फरक दिसला नाही. २००९ मधे हे छापून आलं.

मग व्हीआयए बोगस का? नाही, कारण मुंबईच्या झोपडपट्ट्यांमधे टाटा मेमोरियलने १९९८ पासून दुसरा अभ्यास केला, दीड लाख बायका, त्यात दहावी शिकलेल्या स्थानिक बायकांना चार आठवड्यांचं ट्रेनिंग देऊन व्हीआयए करायला शिकवलं, आणि एकदा नाही तर दर दोन वर्षांनी असं चार वेळा केलं. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. एका नजरेतून सुटलेलं पुढच्या नजरेत सापडतं, इतकं साधं आहे. म्हणून व्हीआयए एकदा केली आणि झालं असं नसतं, परत परत करायची.

या दोन्ही अभ्यासांवर नंतर टीकाही झाली की ज्यांना टेस्ट दिली नाही त्या हजारो बायकांचं काय, त्यातल्या कितीतरी जणी वाचल्या असत्या. माझ्या मते टीका खोटी नाही. त्या बायकांच्या जिवावर आपल्याला हे कळलंय, आणि कळूनही त्याच देशात २०१९ ते २१ च्या पाहणीत तपासणीचा आकडा १.९ टक्क्यांवरच होता.

प्रत्यक्ष काय होतं, दुखतं का?

मावशीला शेवटी मी एका गुरुवारी त्यांच्या आरोग्य केंद्रात घेऊन गेले. बाहेर बाकावर ती पदराचं टोक पिळत बसलेली. आत एक टेबल, हिरवी चादर, मान वाकवायचा स्टँडवाला दिवा. सिस्टर तिच्याच वयाची होती, ती म्हणाली, "मावशी, कंबर सैल सोडा, बाळंतपणाएवढं काही नाही हे." मग स्पेक्युलम, म्हणजे बदकाच्या चोचीसारखं असतं ते, आत घालून हळूच उघडायचं म्हणजे तोंड दिसतं. गार लागतं आणि ताण जाणवतो. मावशीच्या शब्दांत, "दुखलं नाही, पण बरंही नाही वाटलं." मग कापसाच्या बोळ्याने व्हिनेगर लावलं, किंचित चुणचुण झाली, आणि सिस्टर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिली. ते एक मिनिट फार लांब होतं. खोलीत लोणच्याच्या बरणीसारखा आंबूस वास, आणि मावशी वर पत्र्याकडे बघत काहीतरी पुटपुटत होती, बहुतेक विठ्ठलाचं नाव.

एकूण पाच मिनिटं. एवढ्यासाठी आम्ही पाच महिने वाद घातला होता.

पॉझिटिव्ह आलं म्हणजे कॅन्सर?

मावशीच्या पिशवीच्या तोंडावर एका बाजूला पांढरा डाग उठला. सिस्टरने डॉक्टरांना बोलावलं, त्यांनी बघितलं आणि कागदावर "व्हीआयए पॉझिटिव्ह" लिहून मेडिकल कॉलेजची चिठ्ठी दिली. मावशीने ऐकलं फक्त "पॉझिटिव्ह". घरी येईपर्यंत तिने दागिने कुठल्या सुनेला द्यायचे ते ठरवलं होतं.

सोसायटीच्या गेटवर वॉचमन नवीन माणसाला थांबवतो, वहीत नाव लिहायला लावतो. थांबवलं म्हणजे तो चोर असतो का? दहातले नऊ कुरियरवाले नाहीतर पाहुणे असतात. ही टेस्ट तो वॉचमन आहे. उस्मानाबादमधे व्हीआयए केलेल्या शंभरातल्या साधारण १४ जणी पॉझिटिव्ह आल्या, एचपीव्हीत १०, आणि पुढे तपासल्यावर खरोखर उपचार करण्यासारखा बिघाड निघाला तो शंभरात एकीला, तीही पुरती एक नाही. प्रत्यक्ष कॅन्सर त्याहूनही कमी जणींना.

पॅपच्या रिपोर्टचंही सांगते, कारण त्यावरून खूप जणी घाबरतात. "इन्फ्लेमेटरी स्मिअर" असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ सूज, इन्फेक्शन वगैरे, कॅन्सर नाही. "एनआयएलएम" म्हणजे चक्क नॉर्मल. "एएससीयूएस" म्हणजे पेशी जराशा विचित्र दिसतायत, नक्की सांगता येत नाही, पुन्हा बघू. "एलएसआयएल" सौम्य बदल, बहुतेकदा आपोआप जातो. "एचएसआयएल" असेल तर मात्र टाळाटाळ नको.

पॉझिटिव्हनंतरची पायरी कोल्पोस्कोपी, म्हणजे तोच सांधा दुर्बिणीसारख्या भिंगातून मोठा करून बघायचा आणि शंका आली तर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तपासायला काढायचा. मावशीच्या तुकड्यात मधल्या पायरीचा बिघाड निघाला, कॅन्सर नाही. उपचार काय, तर थर्मल अॅब्लेशन, म्हणजे शंभरेक डिग्रीला तापवलेलं छोटं टोक त्या डागावर अर्धा मिनिट टेकवून तेवढाच भाग जाळायचा. भूल नाही, टाके नाहीत, संध्याकाळी घरी. डाग मोठा असेल किंवा आत गेलेला असेल तर तेवढा भाग तारेच्या वेटोळ्याने कापून काढतात, त्याला लीप म्हणतात, तेही त्याच दिवशी घरी सोडतात. आता वर्षाने परत टेस्ट, एवढंच.

"पिशवीच काढून टाका ना, कटकट नको"

चिठ्ठी मिळाली आणि मेडिकल कॉलेजची तारीख यायची होती, त्या मधल्या आठवड्यात काका मावशीला गुपचूप तालुक्याला एका खासगी दवाखान्यात घेऊन गेले. कोल्पोस्कोपी नाही, तुकडा नाही, काही नाही, व्हीआयएचा कागद बघून तिथे सांगितलं की पिशवी काढून टाका, पुढे कॅन्सर होईल, चाळीस हजार. काका तयार होते. वावरातली बैलजोडी विकायची गोष्ट निघाली होती. मला फोन आला मावशीच्या सुनेचा, हळू आवाजात, "ताई, तुम्ही एकदा बोला."

हे नवीन नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गोष्ट २०१९ मधे सगळ्या पेपरांत आली होती. सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, कितीतरी जणी तिशी-पस्तिशीच्या. अंगावरून पांढरं जातंय म्हणून गेली, पोटात दुखतंय म्हणून गेली, "कॅन्सर होईल" ऐकलं आणि उचल घेऊन ऑपरेशन करून आली. साध्या इन्फेक्शनला आठवड्याच्या गोळ्या पुरल्या असत्या. चाळिशीच्या आत पिशवी काढली आणि सोबत अंडाशयं पण काढली तर हाडं ठिसूळ, अंगात वाफा, हृदयाचा धोका, हे सगळं दहा-पंधरा वर्षं आधी मागे लागतं.

म्हणून माझ्यासाठी ही तपासणी दोन्हीकडून ढाल आहे, कॅन्सरपासून तर आहेच पण कॅन्सरच्या भीतीवर चालणाऱ्या धंद्यापासूनही. हातात नॉर्मल रिपोर्ट असलेल्या बाईला "कॅन्सर होईल" सांगून टेबलावर घेणं अवघड जातं. आणि कुणी पिशवी काढायला सांगितलीच तर एकच प्रश्न विचारा, तुकडा तपासलाय का आणि त्याचा रिपोर्ट कुठे आहे. काही वेळा पिशवी काढावी लागते, नाही असं नाही, पण ती नुसत्या व्हीआयए किंवा पॅपच्या कागदावर नाही.

ज्यांची आधीच काढलीय त्यांच्यासाठी, पिशवी तोंडासकट काढली असेल आणि कारण कॅन्सर किंवा त्याआधीचा बिघाड नसेल तर सहसा ही तपासणी लागत नाही. पण काहींची वरची पिशवी काढतात आणि तोंड ठेवतात. ऑपरेशनचा कागद शोधा, तोंड असेल तर तपासणी चालू ठेवायची.

लस घेतली मग कशाला, आणि तरण्या पोरींचं काय

लस चांगलीच आहे. पुण्याच्या सीरमने बनवलेली सर्व्हावॅक २०२३ च्या सुरुवातीला बाजारात आली, ती १६ आणि १८ नंबर धरून चार प्रकार अडवते, आणि नऊ ते चौदा वयात, म्हणजे विषाणूशी गाठ पडायच्या आधी, सगळ्यात जास्त उपयोगी. पण लस आत असलेला विषाणू बाहेर काढत नाही आणि धोक्याचे सगळे प्रकार अडवत नाही. त्यामुळे लेकीला लस आणि आईला तपासणी, आणि लेक तिशीची झाली की तिलाही तपासणी.

आणि विशीतल्या मुलींची लगेच टेस्ट करायला धावू नका. त्या वयात विषाणू खूप जणींत सापडतो आणि बहुतेकींचा जातो. उगाच शोधला तर उगाच उपचार होतात, आणि तोंडाचा भाग कापला तर पुढे बाळंतपण वेळेआधी व्हायची शक्यता थोडी वाढते. तपासणीचेही तोटे असतात, म्हणूनच वय ठरवून दिलंय.

जायच्या आधी

पाळीत जाऊ नका, पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांनी जा. आधीचे दोन दिवस संबंध नको, आत ठेवायच्या गोळ्या किंवा क्रीम नको, आतून धुणंही नको. उपाशी जायची गरज नाही. साडी किंवा घेरदार ड्रेस असला तर सोपं पडतं. बाई डॉक्टर किंवा सिस्टरच हवी असेल तर स्पष्ट सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. निकाल तोंडी घेऊ नका, कागदावर तारखेसकट लिहून घ्या आणि पुढची तारीखही त्यावरच लिहून घ्या. आशाताई तीस वर्षांवरच्या सगळ्यांचे फॉर्म भरायला घरी येतात, तेव्हा तिलाच विचारा की आपल्या केंद्रात ही तपासणी कधी असते, कारण रोज नसते बऱ्याच ठिकाणी. मावशीच्या केंद्रात गुरुवारी असते, सकाळी दहा ते एक, आणि साडेबाराला गेलात तर सिस्टर डबा उघडून बसलेली असते.